मनगटाची खाच

मोटरीची कॉइल गुंडाळणाऱ्या माणसाशी मोजणी चालू असताना बोलायचं नसतं. बोललात की आकडा जातो, आकडा गेला की तार उलगडायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात. त्या दुकानात हे सगळ्यांना ठाऊक होतं, गिऱ्हाइकांनासुद्धा. कोपऱ्यातल्या टेबलावरची बाई ओठ हलवत असेल तर माणसं आत येऊन गुपचूप स्टुलावर बसत आणि तिचा हात थांबेपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत. एका गिऱ्हाइकाने तर शिंक यायला लागली म्हणून रस्त्यावर जाऊन शिंकून येण्याची सभ्यता दाखवली होती.

गल्लीत तिला कॉइलवाली म्हणत. बावीस वर्षांपूर्वी ती या दुकानात आपला जळलेला मिक्सर घेऊन आली होती. मालक गुंडाळत होते आणि ती बघत होती. तासाभराने तिने सांगितलं, की तार एका बाजूला ढीग होऊन बसतेय, अशाने पुन्हा जळेल. मालकांना राग आला. "मग तुम्हीच गुंडाळा," ते म्हणाले. तिने गुंडाळली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर यायला लागली, आणि तो मिक्सर आजही घरात घरघरतो.

तिच्या टेबलाखाली पत्र्याचा एक मोठा डबा असे. टेबल फॅनच्या जाळीच्या क्लिपा, ट्रान्सफॉर्मरच्या पातळ पत्र्या, मुठी तुटलेले पेचकस, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, निम्मी झिजलेली करवतीची पाती. टाकून द्यायची म्हटली की तिच्या जिवावर यायचं. मालक म्हणत, "एक दिवस हा डबा तुम्हाला दुकानाबाहेर काढून स्वतः टेबलावर बसेल." ती म्हणे, "बसू दे. तो निदान वेळेवर येईल."

मालक वेळेवर येत नसत.

हा झाला तिचा एक धंदा. काळजी करणं हा दुसरा, आणि त्याला रविवारची सुट्टी नव्हती. नवरा टेम्पो चालवायचा. तो अर्धा तास उशिरा आला की तिच्या डोळ्यांसमोर टेम्पो कुठल्या ना कुठल्या खड्ड्यात आडवा झालेला असे. पण या सगळ्या काळज्या किरकोळ. ठोक काळजी एकच, ती म्हणजे मुलगी.

मुलीचा डावा हात जन्मापासून वेगळा होता. तळवा होता, अंगठ्याचं एक पेर होतं, बाकी बोटं नव्हती. लहानपणी ती प्रत्येक वस्तू उजवा हात आणि डावं मनगट यांच्यात दाबून धरायची, अगदी बिस्किटसुद्धा, आणि मग कुरतडत बसायची. बापाने ते बघून तिचं नाव खारू ठेवलं. बाप मोठ्याने हसून हाक मारायचा. आई मात्र तिच्या सगळ्या कपड्यांची डावी बाही दोन बोटं लांब शिवायची. कोणी विचारलं तर म्हणायची, वाढत्या अंगाचं आहे. खारू एकोणीस वर्षांची झाली, अंग वाढायचं कधीच थांबलं, तरी डावी बाही लांबच राहिली.

खारूला छापखान्याच्या बांधणी विभागात पंधरा दिवसांसाठी घेतलं होतं. तिथे जाड वह्या आणि नोंदवह्या हाताने शिवून बांधत. पंधरा दिवस काम बघायचं, शेवटच्या दिवशी चाळीस जुजांची एक नोंदवही तिने एकटीने शिवून द्यायची, जमली तर कायम. जुज म्हणजे कागद घडी घालून एकात एक बसवलेला जुडगा. त्याच्या घडीवर आरीने पाच भोकं पाडायची आणि मग सगळे जुज एकमेकांना दोऱ्याने शिवायचे. चाळीसही जुजांची भोकं एका ओळीत आली पाहिजेत. एक जरी सरकलं तरी वहीची पाठ वाकडी बसते, आणि वाकड्या पाठीची वही कपाटात उभी राहत नाही.

दहाव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, खारू घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आई, बांधणीचे मास्तर म्हणाले, शिवण चांगली आहे. मी डाव्या मनगटाने दाबून शिवते ना, ते त्यांना आवडलं. म्हणाले, वजन ठेवल्यासारखं बसतं. पण भोकं नाचतात माझी."

"नाचतात म्हणजे?"

"म्हणजे सरकतात. बाकीच्या बायका डाव्या हाताच्या चिमटीत जुज धरतात आणि उजव्याने टोचतात. मला चिमूट कुठे आहे? टोचायला गेलं की कागद पळतो."

"मग काय म्हणाले मास्तर?"

"म्हणाले, बुधवारपर्यंत बघू."

या सगळ्या बोलण्यातलं आईच्या कानात एकच वाक्य राहिलं: भोकं नाचतात. त्याच्या आधी मुलीने काय सांगितलं ते तिने ऐकलं, पण घेतलं नाही. खारूने याआधी तीन ठिकाणी विचारलं होतं. तिन्ही ठिकाणी माणसांनी आधी बाहीकडे पाहिलं होतं, मग छताकडे.

"मी बघते," आई म्हणाली.

"काय बघतेस?"

"बघते म्हटलं ना."

शुक्रवारी दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिने टेबलाखालचा डबा जमिनीवर पालथा केला. मालक नेमके त्या दिवशी वेळेवर आलेले. त्यांनी एक पाय उचलून विचारलं, "भूकंप झाला की काय?"

"मोडक्या टेबलाचा खण मागे पडलाय, तो घेऊ का?"

"घ्या. पण मोटर नका बसवू त्याला."

खणाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या तिने सुट्या केल्या. जुनं लाकूड, वाळून घट्ट झालेलं. त्या दोन फळ्या तिला पन्हाळीसारख्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या होत्या. उघडलेला जुज त्या पन्हाळीत ठेवला की घडी आपोआप तळाशी जाऊन बसेल. तळाला बारीक फट ठेवायची, म्हणजे आरी वरून शिरेल आणि कागदातून आरपार जाईल. कागद पळायला जागाच नाही. हे सगळं तिला काल रात्री जेवताना सुचलं होतं, आणि त्या भरात तिने नवऱ्याच्या ताटात दोनदा भात वाढला होता.

फट किती ठेवायची, यावर पहिला दिवस गेला. पहिल्यांदा फट इतकी रुंद झाली, की आरीबरोबर कागदही खाली गेला आणि फाटला. मग तिने ट्रान्सफॉर्मरच्या दोन पत्र्या एकावर एक धरून फळ्यांच्या मध्ये घातल्या, फळ्या आवळून खिळे मारले आणि पत्र्या ओढून काढल्या. फट दोन पत्र्यांएवढीच राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी. ती बोटाने चाचपून बघताना तिच्या कपाळावरची आठी त्या दिवसात पहिल्यांदा गेली. करवतीच्या पात्याला तिने कानशीने पाच खाचा पाडल्या आणि ते पन्हाळीच्या काठाशी बसवलं. खाचेसमोर टोचायचं, मोजायचं नाही. शिलाई मशीनची एक जाड सुई पेचकसाच्या तुटक्या मुठीत ठोकून बसवली, ती झाली आरी.

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण काळजी करणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. कागद तरीही सरकला तर? म्हणून तिने डब्यातून टेबल फॅनच्या जाळीच्या चार क्लिपा काढल्या आणि पन्हाळीच्या दोन्ही फळ्यांवर दोन दोन ठोकल्या. जुज ठेवा, चारही क्लिपा खटाखट लावा, की कागद बांधल्यासारखा बसतो. डाव्या हाताला काही म्हणजे काही करावं लागत नाही. तिला स्वतःला यातला सगळ्यात आवडलेला भाग हाच होता.

शनिवारी संध्याकाळी तिने ते घरी आणून टेबलावर ठेवलं. नवऱ्याने चारी बाजूंनी फिरून बघितलं.

"हे उंदीर पकडायचं आहे का?"

"तुम्ही हात घालून बघा, मग कळेल."

रविवारी सकाळी खारूने जुन्या वर्तमानपत्रांचे दहा जुज घडी घातले आणि टोचले. दहाही जुज एकावर एक ठेवून तिने भोकांतून खिडकीकडे पाहिलं. पाची भोकांतून उजेड सरळ आला. तिने ते बापाला दाखवलं, बापाने शेजाऱ्यांना. आई स्वयंपाकघरात उभी राहून भांडी घासत होती आणि एकच पातेलं तीनदा घासत होती. तिला तोंडावरचं हसू कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

सोमवारी खारू ते पिशवीत घालून घेऊन गेली. संध्याकाळी परत आली. चहा घेतला, कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. आईच्या डोळ्यांसमोरून तोवर सगळी संकटं रांगेने जाऊन आली.

"मोडलं का?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"भोकं नाचली?"

"नाही गं. एकदम सरळ आली."

"मग तोंड का असं?"

खारूने पिशवीतून ते काढून टेबलावर ठेवलं. "एका जुजाला चार क्लिपा. लावायच्या आणि काढायच्या. चाळीस जुज म्हणजे तीनशे वीस वेळा खटाक. माझे पंधरा होतात तोवर शेजारची बाई चाळीस संपवून डबा उघडते. आणि सगळा वेळ माझा हा हात टेबलाखाली." तिने डावी बाही थोडी वर केली. "आई, यात माझा डावा हात कुठे ठेवायचा?"

"ठेवायला नकोच ना. त्यासाठीच तर केलं. तुझ्या त्या हाताला त्रास नको म्हणून."

"त्या हाताला त्रास नाहीच आहे. काम हवंय त्याला."

आईला ते लागलं. दोन दिवस जीव ओतून केलं होतं, आणि पोरगी नावं ठेवत होती. ती म्हणाली, "मग तुझं तू बघ." खारू म्हणाली, "बघते." आणि खरंच उठून आईच्या पिशवीतला पेचकस घेतला आणि पहिली क्लिप उपटायला लागली. पन्हाळ तिने डाव्या मनगटाखाली दाबून धरली होती. लाकूड जराही हललं नाही.

आई बघत राहिली. हेच मनगट. गुरुवारी पोरीने सांगितलं होतं की मास्तरांना ते आवडलं, वजन ठेवल्यासारखं बसतं, आणि आपण ते कानाआड केलं. बावीस वर्षं आपण मोटर उघडली की आधी काय चालू आहे ते बघतो, मग काय जळलंय ते. गिऱ्हाइकाच्या पंख्याला जे करतो ते आपल्या पोरीला केलं नाही. तिच्या हातात जे नाही त्याचं माप घेऊन आपण हत्यार केलं. जे आहे त्याचं माप घेतलंच नाही.

हे ती बोलली नाही. ती म्हणाली, "पेचकस असा धरतात का? दे इकडे. लाकूड फाटेल."

चारही क्लिपा निघाल्या. मग खारूने रिकाम्या पन्हाळीत जुज ठेवला आणि डावं मनगट वरून टेकवून दाखवलं. "बघ. इथून दाबलं की कागद हलत नाही. पण ही डावीकडची फळी उंच आहे, तिच्या कडेवर हात आपटतो. इथे खोल पाहिजे."

"किती खोल?"

"मला काय माहीत. माप घे."

आईने पुठ्ठ्याचा एक तुकडा आणला आणि टेबलावर ठेवला. खारूने बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पुठ्ठ्यावर टेकवला. आईने पेन्सिल उचलली. या हाताला तिने एकोणीस वर्षांत अंघोळ घातली होती, तेल लावलं होतं, झाकलं होतं. त्याच्याभोवती पेन्सिल कधी फिरवली नव्हती. मनगटाच्या बाहेरून सुरुवात करून ती तळव्याच्या कडेने वर गेली, अंगठ्याच्या पेराला वळसा घातला आणि खाली आली.

"गुदगुल्या होतात," खारू म्हणाली.

"हलू नकोस. आकडा जाईल."

"आकडा कुठे आहे यात?"

"सवय आहे तोंडाला."

पुठ्ठा कापून फळीवर ठेवला, खूण केली आणि कानशीने खाच पाडायला घेतली. बाप कामावरून आला तेव्हा दोघी भुशाने माखल्या होत्या, आणि स्वयंपाकाचा पत्ता नव्हता. "उंदीर मिळाला वाटतं," तो म्हणाला आणि निमूटपणे कांदा चिरायला बसला. खाच घासायची, खारूने मनगट ठेवून बघायचं, पुन्हा घासायची. सहा वेळा असं झालं. शेवटी कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे कातडं सोलणार नाही. खारूने मनगट टेकवलं, उजव्या हाताने पाच वेळा टोचलं, जुज काढला, दुसरा ठेवला. मध्ये खटाक नव्हतं. नुसता टक, टक, टक, टक, टक असा आवाज, आणि कागद उलटल्याचा.

जेवताना कांदा जाड लागला, तरी बापाला कोणी नावं ठेवली नाहीत.

मंगळवारी खारूने छापखान्यात छत्तीस जुज टोचले. आणि बुधवार उजाडला.

त्या सकाळी खारू तयार होऊन दारात आली, तेव्हा तिच्या अंगात पांढरा सदरा होता आणि त्याची डावी बाही दुमडून कोपराच्या वर नेलेली होती. आईच्या तोंडात आलं होतं, बाही खाली कर, लोक बघतील. तिने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "नीट दुमड. एका बाजूला ढीग होऊन बसलीये." आणि स्वतःच्या हाताने ती दुमड सरळ करून दिली.

दिवसभर दुकानात तिचं काय झालं ते मालकांनी पुढे अनेकांना सांगितलं. एका पंपाची कॉइल होती, एकशे वीस वेढ्यांची. सत्तरपर्यंत गेली आणि थांबली. कोणी बोललं नव्हतं, कोणी शिंकलं नव्हतं. तिने तार उलगडली. पुन्हा सुरुवात केली, या वेळी चाळीसला थांबली. तिसऱ्या वेळी मालक म्हणाले, "बाई, आज नको. आज तुम्ही चहा करा." बावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं होतं, आणि चहात साखर दोनदा पडली.

पाच वाजून गेले. सव्वापाचला खारू दुकानाच्या पायरीवर उभी दिसली. आईच्या ओठांवर आकडा नव्हता, तरी खारू सवयीने गप्प उभी राहिली.

"बोल ना," आई म्हणाली.

"झाली. चाळीस. साडेतीनला शिवून दिली." तिने आत येऊन पिशवी टेबलावर ठेवली. "मास्तरांनी वही टेबलावर उभी केली आणि हात काढला. उभी राहिली. मग म्हणाले, तुझं हे खोकं दाखव. स्वतः बसून एक जुज टोचायला गेले. दोनदा गेले, मग म्हणाले, माझं मनगट बसत नाही यात."

"मग?"

"मी म्हटलं, बसणार नाही मास्तर. माझ्या मापाचं आहे."

"असं बोललीस? आणि ते काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, उद्या येताना कार्यालयात जाऊन कायमच्या नोंदीवर सही कर. आणि तुझ्या आईला विचार, खाच न पाडता अशी दोन करून देईल का, बाकीच्या बायकांसाठी."

मालकांनी मागून आवाज दिला, "खण संपले दुकानातले. आता टेबलच तोडावं लागेल."

आई उठली नाही, रडली नाही, काही नाही. जीव भांड्यात पडला की माणसाला आधी जरा बसून घ्यावं लागतं. तिने मुलीचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि मनगटाखाली पाहिलं. ट्यूबच्या पट्टीचा लालसर वळ उठला होता, कामाचा वळ, तारेने तिच्या स्वतःच्या बोटांवर उठतो तसा.

"पट्टी दुहेरी लावते," ती म्हणाली.

"एकेरीच राहू दे. सवय होईल."

तिच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती. प्रत्येक खिळ्याला लाकडाचा एकेक फर्मा टांगलेला. ज्या मापाची मोटर त्या मापाचा फर्मा, त्याच्यावर तार गुंडाळून कॉइलला आकार द्यायचा. जो फर्मा एकदा बरोबर उतरला तो ती कधीच टाकत नसे. शेवटचा खिळा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी मालक दुकानात आले, नेहमीप्रमाणे उशिरा, तेव्हा त्या खिळ्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा लटकत होता. मनगट, तळवा आणि अंगठ्याचं एक पेर.

"हे कुठल्या मोटरचं माप?" त्यांनी विचारलं.

बाईचे ओठ हलत होते. मालक स्टुलावर बसले आणि कॅलेंडर वाचू लागले. एकशे विसाव्या वेढ्याला तिचा हात थांबला, तिने तार कापली, टोकाला गाठ दिली आणि मग वळून म्हणाली, "माझ्या मुलीचं. छापखान्यात बांधणी करते ती."

मालकांना हे कालपासून माहीत होतं. तरी त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली.